टोपीची कड

शिकागो, १४ ऑगस्ट १९०८

प्रिय नेटी,

तुझं पत्र काल हॉटेलवर मिळालं. चार पानं, आणि चारही पानांत नवरा. भावाची चौकशी शेवटी समासात कोंबलीस, तेवढं तरी बरं. भाऊ ठीक आहे. उजव्या हाताचं मधलं बोट पुन्हा मोडलंय, पण बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या बोटांचं काय घेऊन बसायचं? चमचा धरता येतो तोवर सगळं छान.

तुझ्या लायलला बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये घेतलं हे मला तुझ्याआधी कळलं. आमचा मॅनेजर मॅक्गिव्हर्न, ज्याला आम्ही मागून म्हातारा म्हणतो, त्यानं सकाळी पेपर सरळ माझ्या ताटातल्या अंड्यांवर आपटला.

"हा टेट कोण रे तुझा?"

"बहिणीचा नवरा. काचकारखान्यात भट्टीवर असतो. म्हणजे होता."

"टाकतो काय?"

"ओला चेंडू. एल्म झाडाची साल चघळतो, तिची बुळबुळीत लाळ चेंडूला लावतो. सरळ येतोय म्हणून बॅट फिरवावी, तर गुडघ्याशी येऊन खाली बसतो."

"ते सगळेच टाकतात."

"सगळ्यांचा कळतो. हा प्रत्येक चेंडूला हात तोंडाशी नेतो. कधी खरंच थुंकतो, कधी नुसतं सोंग. बॅटरला पत्ता लागत नाही."

म्हाताऱ्यानं पेपर उचलला, त्याला लागलेलं अंडं माझ्याच रुमालाला पुसलं, आणि गेला. मला असा अभिमान वाटला की काय सांगू. हे सोंग मीच शिकवलंय ना त्याला. दोन हिवाळे आपल्या कोठारात दर रविवारी तो टाकतोय आणि मी बादलीवर बसून घेतोय, आणि तू दारातून ओरडतेयस की डुकराचं मांस करपलं.

तू विचारलंयस, त्याला काही सांगायचं राहिलं असलं तर आत्ताच सांग, कारण ऑक्टोबरपर्यंत टिकला तर पुढच्या वर्षाचा करार, नाही तर परत भट्टी. भट्टीनं दिलेला त्याच्या बापाचा खोकला मी विसरलेलो नाही. नाही गं, काही राहिलेलं नाही. तो तयार आहे.

तुझा लाडका (आणि एकुलता) भाऊ,
क्लेम

फिलाडेल्फिया, २९ ऑगस्ट

प्रिय नेटी,

दोन सामने, दोन्ही जिंकले. इथल्या पेपरनं तर त्याचं नाव मथळ्यातच घातलं. मी ते कापून ठेवलं होतं, पण आमच्या स्पड कॅसिडीनं त्यात तंबाखू गुंडाळला. स्पड माझा खोलीतला सोबती. सेकंड बेसवर खेळतो आणि झोपेतसुद्धा बडबडतो. त्याचं म्हणणं, "तुझा मेव्हणा आमची पोटं मारणार बघ. असला चेंडू टाकायला परवाना लागावा." मी म्हटलं, "त्याच्या बायकोला पत्र टाक, ती देईल परवाना."

शुक्रवारी आमची त्यांच्या क्लबशी गाठ आहे, आणि तो टाकणार आहे. तू लिहिलंस, "माझ्या नवऱ्याशी नीट वाग." अगं, मी कसला वागतोय? पूर्ण ऑगस्टात मी नीट एक फटका मारलेला नाही. म्हाताऱ्यानं ईस्टनहून एक नवा कॅचर आणून बाकावर बसवलाय. तो भला माणूस आहे, मला "सर" म्हणतो, आणि तेच फार झोंबतं. माझं वय चौतीस. मला कॅचरकीखेरीज काही येत नाही. भट्टीवर मी दोन दिवस गेलो होतो ते तुला आठवतं, आणि तिसऱ्या दिवशी का गेलो नाही तेही.

असो. शुक्रवारी तुझा नवरा मला तीन स्ट्राइकमध्ये बाद करून परत पाठवेल आणि मी हसत जाईन. तुला शब्द देतो.

क्लेम

फिलाडेल्फिया, ५ सप्टेंबर

प्रिय नेटी,

पेपरात जे आलंय ते वाचू नकोस. पेपरवाल्यांना नऊ डाव मैदानावर घाम पुसायचा नसतो.

हवा दमट होती. चेंडू धड ओला राहीना, धड कोरडा. चौथ्या डावापर्यंत ठीक चाललं होतं, मग आमच्या लोकांना तो मारता यायला लागला. असं होतं. चांगल्या चांगल्या पिचरचं होतं. त्याला सहाव्यात काढलं. मी दोन बेसांचा एक फटका मारला, पण त्याचं काही मोठं नाही, माझं नशीब म्हण.

सामन्यानंतर तो माझ्या हॉटेलवर आला. तुला तो सांगेलच, म्हणून मीच सांगतो. आम्ही खाली जेवायला बसलो. पोर्क चॉप होते आणि उकडलेली कोबी. त्यानं कोबी काट्यानं इकडची तिकडे केली आणि म्हणाला, "क्लेम, तू दोन हिवाळे माझे चेंडू घेतलेयस. आज काय चुकलं?"

"काही नाही. दिवस नव्हता तुझा."

"ते ओल्याला बॅटच लावत नव्हते. सोडून देत होते. सरळ आला की तुटून पडत होते. जसं काही त्यांना कुणी कानात सांगतंय."

"दमट हवेत ओला लवकर खाली बसतो, लांबून दिसतो."

"असं होय," तो म्हणाला. आणि नेटी, त्याचं समाधान झालं. मग त्यानं सगळं जेवण संपवलं, माझाही चॉप घेतला आणि तुझ्याबद्दल बोलत बसला.

तू काळजी करू नकोस. अजून सामने आहेत.

क्लेम

बॉस्टन, २३ सप्टेंबर

प्रिय नेटी,

तुझं पत्र मिळालं. त्यात "प्रिय" नव्हतं, ते मी पाहिलं.

हो, पुढच्या सामन्यात दुसऱ्याच डावात त्याला काढलं हे मलाही कळलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातात घरचं तिकीट ठेवलं, हेही. तू विचारतेस की ज्या क्लबशी तो आयुष्यात पहिल्यांदा खेळत होता, त्यांनीसुद्धा ओला चेंडू कसा सोडला. मी तिथे नव्हतो, मी काय सांगू? खेळाडू आगगाडीत भेटतात, पत्ते खेळतात, गप्पा मारतात. स्पडला तर तोंड आवरतच नाही. कशाबद्दल ते मला विचारू नकोस.

चार सामने झाले त्याचे. मोठ्या लीगमध्ये चार सामने खेळायला मिळावेत म्हणून जीव टाकणारे शंभर लोक मी ओळखतो. तू म्हणशील, याचं त्यानं काय करायचं? खरं आहे. काही करता येत नाही.

मला पुढच्या वर्षी ठेवलंय. म्हाताऱ्यानं काल सांगितलं. ईस्टनवाला परत गेला, जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, तुमच्याकडून खूप शिकलो." तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. आनंदानं लिहिलेलं नाही.

या हिवाळ्यात मी घरी येत नाही. इथे बर्फाच्या गोदामात काम मिळतंय. लायलला म्हणावं, कोठारातली बादली कामाला घे.

तुझा भाऊ,
क्लेम

बॉस्टन, १९ नोव्हेंबर

नेटी,

दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि त्यात एकच प्रश्न. बरं झालं लिहिलंस.

कोलंबसच्या क्लबानं त्याला बोलावलंय, छोटी लीग आहे पण तिथून लोक परत वर जातात, हे समजलं. आणि कारखान्यानं त्याला भट्टीवर मुकादमाच्या हाताखाली पाच वर्षं बांधून घ्यायचं म्हटलंय, हेही समजलं. त्याला कुणाचंच खरं वाटत नाही, म्हणतो की क्लेमला विचार, मी पुरेसा चांगला होतो का. क्लेम हो म्हणाला तर कोलंबस, नाही म्हणाला तर भट्टी.

नेटी, मी फार विचार केला. नाही. पुरेसा नव्हता. गुणी आहे, मनानं सोनं आहे, पण मोठ्या लीगला आणखी काहीतरी लागतं, ते त्याच्यात नाही. भट्टीत निदान पगार ठरलेला असतो. त्याला सांग, मनाला लावून घेऊ नकोस.

क्लेम

बॉस्टन, २ फेब्रुवारी १९०९

नेटी,

नाताळचं तुझं पत्र माझ्या कोटाच्या खिशात पडून महिना होऊन गेला. तू खूप दिवसांनी पुन्हा "प्रिय क्लेम" लिहिलंस. लिहिलंस की माझं उत्तर वाचून लायल त्या रात्री पहिल्यांदा शांत झोपला. कोलंबसचा कागद त्यानं सही न करता परत पाठवला आणि कारखान्याच्या कागदावर सही केली. आणि म्हणाला, "बाकी सगळे गोड बोलले. खरं सांगणारा एकटा क्लेम."

हे वाक्य लिहिलं नसतंस तर मी कदाचित कधीच काही बोललो नसतो. आता बोलतो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

लायल चांगला होता. ज्यांचे चेंडू मी घेतले त्या पिचरांत दोन-तीनच त्याच्या बरोबरीचे असतील. त्याच्यात एक खोट आहे, आणि ती मला पहिल्याच हिवाळ्यापासून माहीत आहे.

नुसतं सोंग करायचं असलं की तो हात तोंडाशी नेतो, पण साल चघळतच राहतो. जबडा हलतो, कानाच्या वरची शीर हलते, आणि टोपीची कड किंचित उचलली जाते. खरंच थुंकायचं असलं की चघळणं थांबतं. टोपी स्थिर राहते. एवढंच. हातानं तोंड झाकलं तरी टोपी झाकत नाही. एकदा माहीत झालं की आंधळ्यालाही दिसेल.

तू विचारशील, मग सांगितलं का नाहीस? ऐक. कोठारात मीच नियम केला होता की कुठला चेंडू टाकणार ते मलाही कळू द्यायचं नाही, मला कळलं नाही तरच बॅटरला कळणार नाही. आता ओला चेंडू कुठे बसेल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. न कळता घेतला की बोट गेलंच. माझी दोन गेली. मग एका रविवारी मला टोपी दिसली, आणि त्यानंतर एकही चेंडू सुटला नाही. लायलनं हातमोजा फेकून दिला आणि म्हणाला, "क्लेम, तू माणूस आहेस की भूत? न सांगता घेतोस?" मी म्हणालो, "इतकी वर्षं काय गवत कापलं?" आणि त्यानं विचारलं, "पण तुला कळलं तर नाही ना आधी?" मी म्हणालो, "छे. काहीच कळलं नाही."

पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा सगळे घेतले, पुन्हा त्याचं तेच कौतुक. आमच्या क्लबात माझं कौतुक करून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. सांगितलं असतं तर त्यानं सवय मोडली असती, आणि मी पुन्हा मोडकी बोटं धरून बादलीवर बसलो असतो. म्हणून गप्प राहिलो. तो वर आला तेव्हा तू विचारलंस काही राहिलंय का, आणि मी लिहिलं, काही राहिलेलं नाही. ते लिहिताना माझा हात थांबला होता, हे सांगितलं तर तुला त्याचं काय?

शुक्रवारच्या सामन्यात मी ठरवून गेलो होतो की टोपीकडे बघायचं नाही. त्याच्या बुटांकडे बघायचं. पहिल्या खेपेला बुटांकडे बघत आउट झालो, वर मनात म्हटलं, शब्द पाळला. दुसऱ्या खेपेला दोन स्ट्राइक झाल्या. तेवढ्यात म्हातारा मागून ओरडला, "ईस्टन, ऊठ, हात मोकळे कर." मला सगळ्या मैदानात तेवढंच ऐकू आलं. मी मान वर केली.

टोपी हलत होती. सरळ येणार होता. मी मारला.

बाकावर परत आलो तर म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसला. हळू बोलला, एरवी तो हळू बोलत नाही.

"महिनाभर तुला कुणी भोपळ्याएवढा चेंडू टाकला असता तरी मारता आला नसता. काय दिसलं?"

"काही नाही."

"क्लेम होस्टेटर, बहिणीचा नवरा आहे म्हणून दोनदा विचारतोय. दुसऱ्या कुणाला एकदाच विचारलं असतं."

आणि मी सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही. त्यानं मारलं नाही, धमकावलं नाही. सांगितल्यावर माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आता कसा आमचा झालास." पुढच्या दोन डावांत आमचा एकेक माणूस त्याच्या टोपीकडे बघत होता आणि मी बाकावर बसून माझ्या बुटांकडे. एकदा त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मला त्याचं वाईट वाटतंय, म्हणून त्यानंच मला हसून दाखवलं.

मग संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्यानं विचारलं, काय चुकलं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पुढच्या सामन्यात सोंग करताना जबडा बंद ठेवला असता तर तो आज करारावर सही करून बसला असता. पण मग आमच्या क्लबात सगळ्यांना कळलं असतं की त्याला कुणी सांगितलं. म्हणून मी हवेचं कारण सांगितलं. गळा कापायचा तो केसानं कापला, आणि वर त्याला पोर्क चॉप खाऊ घातला. स्पडनं ते आगगाडीत दुसऱ्या क्लबाला सांगितलं, पण स्पडला दोष देऊ नकोस. मुळात मीच सांगितलं नसतं तर स्पड काय सांगणार होता?

नोव्हेंबरातलं पत्र तर मी थंड डोक्यानं लिहिलं. तेव्हा म्हातारा नव्हता, ईस्टनवाला नव्हता. नुसती भीती होती, की तो कोलंबसला गेला, तिथल्या कुणी कॅचरनं त्याला टोपीबद्दल सांगितलं, आणि मग त्यानं दोन आणि दोन चार केले, तर माझं काय होईल? तो भट्टीवर गेला तर कुणालाच कधी कळणार नाही. एवढाच विचार होता, नेटी. तुझ्या नवऱ्याच्या छातीत धूर जाईल हा विचार आला, आणि मी तो बाजूला सारला. मला त्याबद्दल माफ कर म्हणायचं तोंड नाही.

गेल्या आठवड्यात मी कोलंबसला जाऊन आलो. तिथल्या मॅनेजरला सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. तो म्हणाला की जागा भरली आहे. पण एवढं म्हणाला की टेटला यायचं असेल तर मार्चच्या एक तारखेला स्वतःच्या भाड्यानं यावं, तो बघेल. वचन काही दिलं नाही. कारखान्याचा कागद मोडता येतो का ते मला माहीत नाही. तुम्हालाच बघावं लागेल.

तोवर हे करा. त्याला कोठारात घे. बादलीवर कुणालाही बसव, पण बॅटरच्या जागी तू उभी राहा आणि टोपीची कड बघ. सोंग असो की खरं, जबडा दोन्ही वेळी थांबला पाहिजे. पहिले काही दिवस तो विसरेल. विसरला की ओरड त्याच्यावर, ते तुला जमतं. तुला टोपी दिसेनाशी झाली की समज, आता कुणालाच दिसणार नाही. मलासुद्धा.

हे म्हाताऱ्यालाही कळवणार आहे. मग तो मला ठेवतो की काढतो ते त्याच्यावर. त्याचं मला फारसं वाटत नाहीये, याचंच नवल वाटतं.

हे पत्र लायलला वाचून दाखव. गाळू नकोस काही. त्यानंतर तू मला लिहिलं नाहीस तर मी कारण विचारणार नाही.

आणि तो परत वर आलाच, आणि समोर बॅट घेऊन मी असलो, तर त्याला सांग, पहिला चेंडू माझ्या बरगड्यांवर टाक. ओला नको. सरळ, असेल नसेल तेवढ्या जोरानं. मी हलणार नाही.

क्लेम